डावी पोटरी, एक कॉलम जास्त

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०१४. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावरच्या ३०७ नंबरच्या खोलीचं दार ढकललं, तेव्हा दोन पैलवान माझ्या भावाच्या पायांना तेल लावत होते.

खोलीभर तिळाच्या तेलाचा आणि कापराचा वास होता. भाऊ उताणा पडून छताकडे बघत होता. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं.

"थांबा," मी म्हणाले.

"झालंच ताई," मुबारक म्हणाला. "वस्तादांच्या डाव्या पोटरीत रात्रीपासनं गोळा आलाय. उजवा पाय रगडून झाला. डाव्याला नुसतं तेल लावलंय. आता दोन मिनिटांत मोकळा करतो."

"हात काढ आधी."

मुबारकने हात काढला. त्याला माझं म्हणणं पटलं नव्हतं, पण मी वस्तादांची बहीण होते.

माझा भाऊ म्हणजे पैलवान हिंदुराव खराडे. घरात आम्ही त्याला आण्णा म्हणतो. तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. तरुणपणी त्याने सांगली-कोल्हापूरकडची मैदानं मारली. पुढे कुस्ती सुटली, कुस्तीचा आहार मात्र सुटला नाही, आणि २००९ पर्यंत वजन एकशे सत्तेचाळीस किलोवर गेलं. त्या वर्षी तो दोन महिने पुण्याजवळच्या एका निसर्गोपचार केंद्रात राहून आला आणि पुढच्या वर्षभरात शहाऐंशी किलोवर उतरला. कुस्ती सुटल्यापासून तो तालमीत वस्ताद होता आणि मैदानांवर निवेदक. पहाटे साडेचारला उठायचं, दोनशे सपाटे मारायचे, दुपारी एक भाकरी, संध्याकाळी अर्धी. याला तालमीत 'वस्तादांचा नेम' म्हणत आणि चाळीस जण तो पाळत.

मी सांगलीच्या एका दैनिकात वृत्तसंपादक होते. जून २०१० मध्ये या नेमावर मीच अर्धं पान लिहिलं होतं. मथळा होता, 'घामाने गाळले एकसष्ट किलो'. त्या पानाची फ्रेम तालमीत मारुतीच्या तसबिरीखाली टांगलेली होती.

मुबारक मुल्लाणी आण्णाचा सर्वांत जुना शिष्य. दुधाचा धंदा करायचा. मालिशीत त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. दुसरा दिनकर गावडे, पोलीस हवालदार. दोघंही चाळिशी ओलांडलेले. दिनकरच्या पोटावर त्याच्या साहेबांचा फार दिवसांपासून डोळा होता आणि वर्षातून एकदा त्याला त्याबद्दल लेखी विचारणा व्हायची.

मालीश मी थांबवली त्याला कारण होतं. छापील कागद हातात आला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, ही माझी कामाची सवय. शनिवारी आण्णाच्या कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली, चार स्क्रू आणि दोन सळ्या बसवल्या, आणि नंतर नातेवाइकांना एक सूचनापत्रक मिळालं. त्याची सातवी सूचना अशी होती : पाय दुखल्यास किंवा सुजल्यास चोळू नये, परिचारिकेला सांगावे.

मी ती वाचून दाखवली.

"ते साध्या माणसांसाठी लिहिलंय," आण्णा म्हणाला. "पैलवानाचा पाय रगडल्याशिवाय बरा होतो का कधी? तू चहा आणलास का?"

"पाय सुजलाय का?"

"न्हाई सुजला. तेलानं चकाकतोय, म्हणून मोठा दिसतोय."

डोळ्यांना तर डावी पोटरी मोठी दिसत होती. पण डोळ्यांना दिसलं म्हणून मी कधी बातमी लिहिली नव्हती. खोलीत टेप नव्हती. आण्णासाठी आणलेला आमचाच अंक माझ्या काखेत होता. त्याची दोन पानं उघडून मी एक आडवी पट्टी फाडली आणि आधी उजव्या पोटरीभोवती, मग डाव्या पोटरीभोवती गुंडाळली. उजवी साडेनऊ कॉलम भरली. डावी साडेदहा.

"म्हणजे किती?" दिनकरने विचारलं.

"आमचा कॉलम चार सेंटीमीटरचा असतो."

दिनकर एकदम गंभीर झाला. त्यांच्या तालमीत दर दसऱ्याला पूजा झाली की सगळ्यांची मापं घेतात. छाती, दंड, मांडी, पोटरी. ती एका वहीत उतरवतात आणि वर्षभर त्यावरून एकमेकांना चिडवतात. वही दिनकरकडे असे.

"दसऱ्याला वस्तादांच्या दोन्ही पोटऱ्या पंधरा इंच होत्या," तो म्हणाला. "मी स्वतः लिहिल्यात. सहा आठवडे झाले नसतील. मुबारक, अंथरुणात पडून एका पोटरीला दीड इंच मांस कसं चढंल?"

मुबारकने तेलाच्या बाटलीला बूच लावलं आणि ती पिशवीत ठेवली. मी घंटा दाबली.

सिस्टर एस्तेर आल्या. वयाने पन्नाशीच्या, अंगाने किरकोळ. सगळा मजला त्यांना वचकून असे. त्यांनी पोटरीला बोटाने दाबून पाहिलं, आण्णाने दात आवळले. मग त्यांनी हवा हुंगली.

"तेल कुणी आणलं?"

पोलीस हवालदार गावडे भिंतीकडे बघू लागले.

"चोळलंत?"

"डावा न्हाई, सिस्टर," मुबारक म्हणाला. "देवाशपथ. चोळणारच होतो, तेवढ्यात ताई आल्या."

"ताईंचे पाय धरा," सिस्टर म्हणाल्या. "ते चोळले तरी चालतील."

आठ चाळीसला पायाची सोनोग्राफी झाली. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या की आयुष्यात पहिल्यांदा मला जेल लावावं लागलं नाही. साडेनऊला डॉक्टर मगदूम खोलीत आले. हेच शल्यविशारद. वय अडतीस, बोलणं मोजकं. गुडघ्यामागच्या शिरेपासून खाली पोटरीपर्यंत रक्ताची गुठळी झाली होती. शस्त्रक्रियेनंतर माणूस पडून राहिला की असं होऊ शकतं, म्हणूनच दुसऱ्या दिवसापासून चालायला लावतात. गुठळी जागेवर आहे तोवर पाय दुखतो, एवढंच. तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर वर गेला आणि फुप्फुसात अडकला, तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. पोटरी जोराने रगडणं म्हणजे तो तुकडा सुटायला वाट करून देणं.

मुबारक आपल्या दोन्ही पंजांकडे बघत खुर्चीवर बसला.

डॉक्टर पुढे म्हणाले की रक्त पातळ करायचं औषध द्यावंच लागेल. मणक्याची जखम ताजी असल्याने आत रक्तस्राव होण्याची भीती आहे, पण आता गुठळीची भीती मोठी. दोन दिवस इंजेक्शनं देऊ, मग गोळ्या. गोळ्या घेऊन शुक्रवारी घरी जायचं, तीन महिने त्या चालू ठेवायच्या.

"मला एक कळत नाही," ते म्हणाले. "वजन चौऱ्याऐंशी, तंबाखू नाही, साखर नाही, घरात कुणाला असा त्रास नाही. तुम्ही कमी धोक्यातले पेशंट. त्यामुळे मी आधीपासून इंजेक्शनं दिली नव्हती. पैलवान, तुमच्या फॉर्ममध्ये काही राहिलंय का?"

"काय न्हाई," आण्णा म्हणाला. "पित्ताशयाचे खडे काढले होते, ते लिहिलंय."

ते लिहिलं होतं मी. शुक्रवारी आण्णाला चष्मा सापडत नव्हता, म्हणून तो सांगत गेला आणि मी भरत गेले. आधीच्या शस्त्रक्रिया : पित्ताशय, २००९, पुणे. पोटावर पाच बारीक व्रण होते, ते सगळ्या तालमीला ठाऊक होते. डॉक्टरांनी मान हलवली, बारा वाजता परत येतो म्हणाले आणि गेले.

वहिनी तोवर आल्या होत्या आणि दाराशी उभं राहून सगळं ऐकत होत्या. रात्री त्याच आण्णाजवळ होत्या, पहाटे आंघोळीला घरी गेल्या होत्या. डॉक्टर गेल्यावर त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "वन्सं, जरा जिन्यात या."

जिन्यात त्या दोन पायऱ्या उतरल्या, दोन चढल्या.

"गोळ्या दिल्या तर त्यांना लागत्याल का?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"लोहाच्या लागत न्हाईत. ताकदीच्या लागत न्हाईत. म्हणून तर दर महिन्याला सुई घ्यायला जातात. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आता ह्यांच्या पोटात गोळी नीट जिरंलच असं न्हाई, कुठलंही औषध घेताना आधी विचारायचं."

महिन्याच्या सुईचं मला ठाऊक होतं. मी समजत होते ती कमरेसाठी आहे.

"पित्ताशय काढलं म्हणून गोळी जिरत नाही?" मी विचारलं.

वहिनी कठड्याला टेकल्या. त्यांच्याकडून आण्णाने भैरोबाची शपथ घेतली होती, पाच वर्षं ती त्यांनी पाळली होती. मला सांगितलं तर ती मोडते की नाही, हे त्यांनी मलाच विचारलं. मी म्हणाले, मी प्रश्न विचारते, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा. आमच्या धंद्यात हे चालतं.

"पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं?"

"न्हाई."

"निसर्गोपचार केंद्रात तो राहिला होता?"

"आठ दिवस. ऑपरेशनच्या नंतर, मऊ खायचं होतं तवा."

"वजनाचं ऑपरेशन?"

"व्हय," वहिनी म्हणाल्या, आणि मग शपथ मोडलीच आहे तर पूर्ण मोडू म्हणून सगळं सांगितलं. जठर लहान करून आतडं वळवून जोडलं होतं. अर्ध्या भाकरीच्या वर खाल्लं की पोटात कळा येत. गोड खाल्लं की घाम फुटून गरगरायचं. तालमीत पेढे वाटले की वस्ताद पेढा कपाळाला लावून परत देतात, त्यांच्या या संयमाचा उल्लेख मी अर्ध्या पानात दोनदा केला होता.

माझ्या हातून चुकीची माहिती दोनदा कागदावर गेली होती. एकदा पेपरात, एकदा रुग्णालयाच्या फॉर्ममध्ये. दोन्ही वेळा माहिती देणारा एकच होता आणि मी दुसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं, कारण तो माझा भाऊ होता. नवशिक्या बातमीदाराने असं केलं असतं तर त्याला मी फैलावर घेतलं असतं.

दहा वाजून वीस मिनिटांनी मी खोलीत परतले. मुबारक आणि दिनकर यांना चहाला पाठवलं. आण्णाला पहिलं इंजेक्शन मिळालं होतं.

"पुण्यात काय केलंस ते मला कळलंय," मी म्हणाले.

त्याने पंख्याकडे बघत विचारलं, "बायकोनं सांगितलं?"

"त्यांनी फक्त हो आणि नाही म्हटलं."

"मग झालं. तुला कळलं, घरातल्या घरात राहिलं. डॉक्टरला कशाला?"

मी त्याला सांगितलं : डॉक्टर तुझ्या जिवाचा हिशेब अर्ध्या माहितीवर करतायत. शुक्रवारी तुला गोळ्या देऊन घरी पाठवतील. त्या अंगात भिनल्या नाहीत तर गुठळी वाढेल आणि कुणाला पत्ता लागणार नाही. तो ऐकत होता. त्याला मरणाची भीती नव्हती असं नाही. पण त्याला तालीम दिसत होती.

"शशे, चाळीस जण पहाटे साडेचारला उठतात. माझ्याकडं बघून उठतात. पैलवानानं चाकूनं वजन उतरवलं म्हटल्यावर उद्या कोण उठंल? माझ्या शब्दावर कोण सपाटा मारंल? आणि तुझं ते पान, मारुतीखालचं. तुझ्याच पेपरात आलंय की सगळं. तू खोटी ठरशील."

"म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

"माझ्या हातून गेलेली चूक मीच दुरुस्त करणार. डॉक्टर बारा वाजता येणार. तोपर्यंत तू सांग. नाही सांगितलंस तर बारा वाजून एक मिनिटाने मी सांगेन."

"ही काय तुझं पान छपाईला सोडायची वेळ आहे का?"

"हो."

तो हसला. कमरेत कळ आली म्हणून लगेच थांबला. मग त्याने एक अट घातली. डॉक्टर आले की मुबारक आणि दिनकरला बाहेर काढायचं. मी कबूल केलं.

ते मला जमलं नाही. डॉक्टर मगदूम बारा वाजता म्हणाले होते आणि बाराला पाच कमी असताना आले. मुबारक पलंगाजवळ उकिडवा बसून आण्णाचा उजवा, निरोगी पाय नुसता धरून होता. सकाळच्या मालिशीचं प्रायश्चित्त म्हणून त्याने ते काम स्वतःकडे घेतलं असावं. दिनकर खिडकीत उभा होता. मी दोघांना म्हणाले, जरा बाहेर थांबा. मुबारक म्हणाला, ताई, आज मी ह्या खोलीतनं हलत न्हाई, वस्तादांना काय झालं तर माझ्या हातानं झालं म्हणतील लोक. दिनकर त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

डॉक्टर कागद बघत म्हणाले, "मग पैलवान, परवापासून गोळ्या सुरू करू."

आण्णाने माझ्याकडे पाहिलं. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्याने दोन शिष्यांकडे पाहिलं, डोळे मिटले आणि घसा साफ केला. पंचवीस वर्षं मैदानात माईकवर बोलणारा माणूस. अवघड गोष्ट सांगायला त्याच्याकडे एकच आवाज होता.

"लक्ष द्या, डॉक्टर," तो म्हणाला. "साल दोन हजार नऊ. मुक्काम पुणे. एका बाजूला एकशे सत्तेचाळीस किलो वजनाचा हिंदुराव खराडे. दुसऱ्या बाजूला पाच फूट दोन इंचाचा सर्जन. हिंदुरावला टेबलावर घेतला, भूल दिली, आणि अडीच तासांत चितपट केला. जठर कापून एवढंसं ठेवलं. आतडं वळवून वरती जोडलं. पित्ताशयाला कुणी हात लावला न्हाई. खडे नव्हतेच. एकसष्ट किलो उतरलं, त्यात घामाचं किती ते देवाला ठाऊक. पण नेमानं उतरलं असं मी जे सांगत आलो, ते खोटं."

आवाज चढत गेला होता. दारात सिस्टर एस्तेर आणि शेजारच्या खोलीतले दोन नातेवाईक येऊन उभे होते. डॉक्टरांनी हातातले कागद खाली ठेवले.

कुणी काही बोलायच्या आधी दिनकर बोलला. अगदी हळू.

"म्हणजे माझं चुकत नव्हतं?"

आण्णाने डोळे उघडले.

"चार वर्षं, वस्ताद," दिनकर म्हणाला. "दोनशे सपाटे. संध्याकाळी अर्धी भाकरी. अकरा किलो गेलं आणि बारा किलो आलं. साहेब म्हणतात, तू नेम पाळत न्हाईस. बायको म्हणती, बंदोबस्ताला जाऊन वडे खाताय. मला मलाच वाटायला लागलं होतं, मी झोपेत उठून खातो का काय. दोन रात्री मुलाला जागता ठेवला, बघ म्हटलं."

"काय बघितलं त्यानं?" मुबारकने विचारलं.

"घोरतो म्हणाला."

पहिले हसले ते डॉक्टर. मग मुबारक. दिनकरच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोही हसत होता, आणि एवढा हलका झालेला तो मला आधी कधी दिसला नव्हता, वजन काट्यावर जेवढं होतं तेवढंच असूनही. आण्णाला हसताना कमरेला धरावं लागलं. मग तो म्हणाला, "दिनकर, तू प्रामाणिक हाईस. चूक माझी. घरी गेल्यावर तुझ्या बायकोला मी स्वतः फोन करतो."

"आजच करा," दिनकर म्हणाला.

डॉक्टर मगदूम मात्र पुढच्याच मिनिटाला कामाला लागले. दुखण्याची जी गोळी तीन दिवस चालू होती ती त्यांनी तिथल्या तिथे बंद केली. असं ऑपरेशन झालेल्या पोटाला ती चालत नाही, जखम होऊन रक्त येऊ शकतं, आणि आता तर रक्त पातळ करायचं होतं. गुठळीच्या गोळ्या त्यांनी खोडल्या. तीन महिने इंजेक्शनच, पोटावर, रोज दोन वेळा. मधून मधून रक्त तपासून औषध पुरतंय का ते बघायचं. पुण्याच्या सर्जनचा नंबर वहिनींच्या बटव्यात होता, तो त्यांनी लगेच काढून दिला. पाच वर्षं तो तिथेच होता.

निघताना मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, आधी कळलं असतं तर गुठळी टळली असती का.

"असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "वजनाचं ऑपरेशन झालेल्या लोकांमध्ये मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर गुठळ्या थोड्या जास्त दिसतात, असं काही अभ्यासांत आलंय. का, ते नक्की ठरलेलं नाही. वजन उतरलं म्हणजे धोकाही उतरला, असं आम्ही धरून चालतो. ते दर वेळी खरं नसावं. मला माहीत असतं तर मी बहुधा पहिल्या दिवसापासून इंजेक्शन दिलं असतं. बहुधा. हे छापणार आहात का?"

"'बहुधा' असेल तर नाही," मी म्हणाले.

आण्णा शुक्रवारऐवजी पुढच्या सोमवारी घरी आला. पोटावर रोज दोन सुया दिनकर द्यायला येई. पोलिसात त्याने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि हात हलका होता. सुई टोचताना तो प्रत्येक वेळी म्हणे, "दोनशे सपाटे, वस्ताद," आणि आण्णा म्हणे, "मार." फेब्रुवारीच्या सोनोग्राफीत शीर मोकळी दिसली. दोन्ही पोटऱ्या पंधरा इंचांवर होत्या. दिनकरने त्या वहीत दसऱ्याच्या ओळीखाली लिहिल्या, शिरस्त्यात बसत नव्हतं तरी.

मी दुरुस्तीच्या चार ओळी डिसेंबरातच लिहून ठेवल्या होत्या. आण्णा म्हणाला, मला आधी तालमीत सांगू दे, पेपरातून कळायला नको. मी थांबले. मार्चमध्ये तालमीच्या मैदानात, मानाच्या कुस्तीआधी, त्याने ते माईकवर सांगितलं. ३०७ नंबरच्या खोलीतलंच सगळं, फक्त सर्जनची उंची आणखी दोन इंचांनी कमी झाली होती. दुसऱ्या दिवशी आमच्या पान तीनवर दुरुस्ती आली. मारुतीखालची फ्रेम कुणी काढली नाही. दुरुस्तीचं कात्रण तिच्याच काचेत खालच्या कोपऱ्यात सरकवलं. चाळिसातले तीन जण तालीम सोडून गेले. बाकीचे साडेचारला उठत राहिले. दिनकर सहाला उठू लागला, पूर्ण भाकरी खाऊ लागला आणि त्या वर्षी साहेबांच्या लेखी विचारणेला पहिल्यांदा त्याने लेखी उत्तर दिलं. त्यात काय होतं ते त्याने मला दाखवलं नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण, येत्या गुरुवारी आण्णाच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायचा आहे. तो आता बासष्ट वर्षांचा आहे. डॉक्टर नवे आहेत. काल आम्ही फॉर्म भरायला गेलो. मी पेन काढलं, तर त्याने ते माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावला आणि म्हणाला, मी भरतो, तुझ्या हातून चुका होतात.

त्याने सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं. आधीच्या शस्त्रक्रिया : एक, वजनाची, २००९, पुणे. दोन, मणका, २०१४, मिरज. डाव्या पायात गुठळी. डॉक्टरांनी वाचून मान डोलावली आणि म्हणाले की इंजेक्शन पहिल्या दिवसापासून देऊ. आण्णा म्हणाला, थांबा, आणि कागद परत मागून घेतला. तिसऱ्या ओळीवर त्याने लिहिलं : १९९८, सोलापूर.

शस्त्रक्रिया कसली, ती जागा त्याने रिकामी ठेवली.

मी वहिनींकडे पाहिलं. लग्नाला पस्तीस वर्षं झालेली बाई. त्या म्हणाल्या, अठ्ठ्याण्णव साली हे मैदानासाठी सोलापूरला गेले होते, आठ दिवस राहिले आणि फेटा बांधून परत आले. मी आण्णाला विचारलं. तो म्हणाला, डॉक्टरांना सांगतो, तुम्ही दोघी बाहेर थांबा.

आम्ही बाहेर थांबलो. डॉक्टरांचं दार अकरा मिनिटं बंद होतं. आतून मैदानातला आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग डॉक्टर मोठ्याने हसले. घरी येताना गाडीत मी पुन्हा विचारलं, तर आण्णाने गुडघ्याचा विषय काढला. मुबारकला आणि दिनकरला मी रात्री फोन केला, दोघांनाही काही माहीत नाही. शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी आठला आहे.